कंपनीच्या गाड्या, रात्रीच्या खेपा आणि चालकाची झोप : तुमच्याकडे काय करतात?

कुशावतीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वाहतूक विभाग सांभाळतो. कामगारांच्या चार बस, मालाच्या तीन पिकअप, साहेब लोकांच्या दोन गाड्या आणि अकरा चालक एवढा पसारा. गेल्या पावसाळ्यात आमची एक पिकअप बेळगावहून परतताना धारबांदोड्याजवळ पहाटे साडेचारला रस्ता सोडून गटारात गेली. चालकाचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं. फोंड्याच्या इस्पितळात मी पोचलो तेव्हा तो एकच वाक्य बोलला, "दोळो लागलो, पात्रांव." म्हणजे, डोळा लागला, साहेब.

अहवाल मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात "चालकाचा निष्काळजीपणा" असं लिहून खाली सही केली. आमच्याकडे सगळे तसंच लिहितात. दोन दिवसांनी विम्याच्या कागदांसाठी लॉगबुक काढलं आणि त्या दिवसाच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या. पहाटे पाचला केप्यातून पहिल्या पाळीची बस. दुपारी तीनला त्याच पाळीला घरी सोडणं. संध्याकाळी सहाला वास्कोला कुरियर. रात्री नऊला बेळगाव, कारण यंत्राचा एक सुटा भाग सकाळच्या आत हवा होता. म्हणजे अपघात झाला तेव्हा त्याला उठून चोवीस तास होऊन गेले होते. नऊ वाजताच्या त्या खेपेच्या कागदावर सही माझी आहे.

तेव्हापासून ते "निष्काळजीपणा" मला सुखानं झोपू देत नाही. निष्काळजीपणा झाला, पण तो गाडीत झाला की माझ्या टेबलावर?

आता व्यवस्थापनानं "चालक सुरक्षा सुधारणा" म्हणून काहीतरी करा असं सांगितलंय. एक दिवसाचं प्रशिक्षण आणि भिंतीवर फलक एवढीच त्यांची कल्पना आहे. मला त्यापुढचं हवंय. ज्यांनी खरोखर काही करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहावं.

खाणमार्ग (सोमवार, रात्री १०.२५)

सावर्ड्याचा आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा चौदा वर्षं खनिजाचा टिपर चालवला, २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत. तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो.

आम्हाला पैसे खेपेवर मिळायचे. खाणीवरून नदीच्या धक्क्यावर जायचं, ओतायचं, परत. दिवसाला जितक्या खेपा तितका पैसा. मग पोटात अन्न नसलं तरी चालक थांबत नाही. पुढच्याला मागे टाकलं की धक्क्यावरच्या रांगेत अर्धा तास वाचतो, त्यात आणखी अर्धी खेप बसते. कुडचडे, सावर्डे, तिस्क, उसगाव इथली माणसं आम्हाला शिव्या घालायची, आणि त्यांचं बरोबर होतं. पण कोणी असं विचारलं नाही की हा माणूस असा का पळतोय. आम्ही जन्मतः बेदरकार नव्हतो. आमचा पगारच आम्हाला पळवत होता.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की तुमच्या चालकाला पैसे कशाचे मिळतात. ठरलेला पगार असेल तर "लवकर आलास तर बक्षीस" असं काही कुठे लपून बसलंय का? ओव्हरटाइम घेतल्याशिवाय त्याचं घर चालत नाही का? तसं असेल तर तो स्वतःच म्हणेल, "मला झोप नको, खेप द्या." आणि तुम्ही म्हणाल, तो आपणहून गेला.

झुवारीपार (सोमवार, रात्री ११.१०)

मडगावात वकिली करतो, अपघात दाव्यांची कामं बरीच येतात. कुशावतीकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे आणि ते फार थोड्या मालकांना ठाऊक असतं.

१९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा बघा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मधल्या सुट्ट्या धरूनही कामाचा पसारा बारा तासांच्या वर जायचा नाही. एक दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय, पण त्यामागचं तत्त्व तेच आहे. "आमची काही वाहतूक कंपनी नाही, आम्ही औषधं बनवतो" ही पळवाट लोक सांगतात. स्वतःचा माल स्वतःच्या गाडीनं नेणारे खाजगी वाहकही त्या कायद्याच्या व्याख्येत होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगाबद्दल आहे. त्यात नुसता चालक नाही, नोकराला तसं चालवायला लावणारा मालकही येतो. आणि त्याच कलमात असं आहे की, एखादं अंतर ठरावीक वेळेत कापायचं वेळापत्रक काढलं किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा न मोडता ते शक्यच नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रकच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरलं जातं. "सातला गेटवर पाहिजे म्हणजे पाहिजे" हा व्हॉट्सॲपवरचा निरोप उद्या कोर्टात वाचून दाखवला जाऊ शकतो.

तुमच्या अहवालातला तो एक शब्द बदलता येत असेल तर बदला. मागाहून पुरवणी जोडता येते.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ७.०५)

मी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात आहे, आताच पाळी संपली. आपल्या एवढ्याशा गोव्यात दरवर्षी अडीचशेहून जास्त माणसं रस्त्यावर जातात. आकडा वाचताना काही वाटत नाही. आम्ही त्यांच्या घरच्यांना बाहेर बसलेलं बघतो.

झोपेबद्दल थोडं लिहिते, कारण दारूबद्दल सगळे बोलतात आणि झोपेबद्दल कोणी नाही. सलग सतरा तास जागा असलेला माणूस गाडी चालवताना साधारण ०.०५ टक्के दारू रक्तात असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असं अभ्यासांत दिसलंय. चोवीस तास झाले की ते ०.१० च्या आसपास जातं. आपल्या कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. तुमचा चालक एक थेंबही न पिता त्या मर्यादेच्या तिप्पट अवस्थेत अनमोड घाट उतरला, असं समजा.

शरीराचं घड्याळ रात्री दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाला खाली ओढतं. त्या वेळी येणारी डुलकी दोन-तीन सेकंदांची असते, आणि आली हे माणसाला कळतही नाही. साठच्या वेगात तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, याचा उपयोग काही मिनिटांपुरता. सुरक्षित जागी थांबून कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं झोपायचं, याचा उपयोग त्याहून जास्त होतो, कारण कॉफीचा असर सुरू व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. पण तोही तात्पुरता. झोपेला झोपेशिवाय औषध नाही.

तुमच्या अकरा चालकांची तपासणी कराल तेव्हा फक्त डोळे आणि रक्तदाब बघू नका. कोण जोरात घोरतं आणि दिवसा पेंगतं, हे त्यांच्या बायकांना विचारा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं जेवण चुकवलं तर साखर एकदम उतरते. सर्दीच्या साध्या गोळीनंही गुंगी येते. चालक या गोष्टी लपवतात, कारण सांगितलं तर गाडी हातातून जाईल ही भीती असते. सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही, दुसरं काम मिळेल, असं आधी लेखी द्या. मगच विचारा.

चार टेम्पो (मंगळवार, दुपारी १.३०)

सगळं पटतंय, पण कोणीतरी दुसरी बाजूही मांडायला हवी. माझे कुंडईत चार टेम्पो आहेत. भाडं ठरवणारा मी नाही, माल पाठवणारा आहे. तो म्हणतो उद्या सकाळी सातला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला देतो. वेगळा रात्रीचा चालक ठेवायचा तर एका टेम्पोचा महिन्याचा नफा तिथेच संपतो. मोठ्या कंपन्यांना नियम परवडतात. त्यांचेच साहेब आम्हाला मध्यरात्री फोन करतात. मला माझा चालक मरायला नको आहे. माझ्या गावचाच मुलगा आहे तो. पण मी करू काय?

कुशावतीकाठ (मंगळवार, दुपारी २.१५)

चार टेम्पो, तुमचा राग योग्य जागी आहे. तुम्हाला मध्यरात्री फोन करणाऱ्यांपैकी एक मीही असू शकतो. आमचा बराचसा माल तुमच्यासारख्यांच्या गाड्यांतून जातो आणि आमच्या "सुरक्षा धोरणात" तुमच्या चालकाचं नावसुद्धा नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लिहून घेतलं.

अबोली (मंगळवार, रात्री ९.००)

माझे मिस्टर एका कंपनीची बस चालवतात. कंपनीचं नाव लिहीत नाही.

तुम्ही सगळे झोपेबद्दल लिहिताय म्हणून सांगते. रात्रपाळी सोडून ते सकाळी आठला घरी येतात. आमची खोली पत्र्याची आहे. एप्रिल-मे महिन्यात अकरानंतर आत बसवत नाही, मग ते झोपणार कसे? मुलगा लहान आहे, शेजारी बांधकाम चालू आहे. तीन तास मिळाले तर मिळाले. आणि त्यातही फोन. "अमुक रजेवर आहे, दुपारी येशील का?" ते नाही म्हणत नाहीत. एकदा नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम कमी झाला होता. कोणी काही बोललं नाही, फक्त कमी झाला.

प्रशिक्षणाला ते जाऊन आलेत. तिथे दाखवलेली चित्रं बघून आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना माहीत नाही असं काहीच नव्हतं त्यात.

कुशावतीकाठ दादा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कंपनीत पंखा असलेली एक अंधारी खोली द्या, दोन पाळ्यांच्या मध्ये पाठ टेकता येईल अशी. उद्याची खेप आज संध्याकाळी सांगा. आणि सुट्टीच्या दिवशी फोन करू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

खाणमार्ग (मंगळवार, रात्री ९.२०)

अबोलीताई, तुमचं लिहिलेलं माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या घरातलंच आहे.

चाकणहून (बुधवार, सकाळी १०.४५)

मूळचा डिचोलीचा, आता चाकणला एका मोठ्या ताफ्याचं काम बघतो. यंत्रांबद्दल लिहितो, कारण तुमचं व्यवस्थापन लवकरच तिकडे वळेल.

जीपीएस, डॅशकॅम, चालकाच्या डोळ्यांकडे बघणारा कॅमेरा, सगळं आम्ही बसवलं. पहिल्या महिन्यात चालकांनी आतल्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकले. कारण आम्ही काय केलं होतं? जोरात ब्रेक मारल्याची नोंद आली की दंड. म्हणजे समोर गाय आली आणि चालकानं तिला वाचवलं, तरी दंड त्यालाच! पुढे तर तो ब्रेक मारायलाही कचरणार. दंड बंद केला तेव्हा रुमाल निघाले. आता नोंद आली की आम्ही एवढंच विचारतो, "तिथे काय होतं?" उत्तरं जमवली की काही जागा पुन्हा पुन्हा येतात. एखादं वळण, एखाद्या शाळेचं फाटक, अंधारात गुरं बसतात ती पट्टी. त्या जागा आम्ही नकाशावर लाल केल्या आणि नव्या चालकाला पहिल्याच दिवशी दाखवल्या. अपघात व्हायचा राहिला हे जो येऊन सांगतो, त्याच्यामुळे पुढचा वाचतो. पण सांगितल्यावर पगार कापला जाणार असेल तर कोण येईल?

बाकी दोन पक्के नियम आहेत. गाडी चालू असताना ऑफिसातून चालकाला फोन करायचा नाही. बोलायचं असेल तर निरोप टाका, तो थांबला की करेल. हा नियम चालकासाठी नाही, आमच्यासाठी आहे, आणि मोडतो तोही आम्हीच. दुसरा, व्यावसायिक गाडीचा वेग नियंत्रक ऐंशीवर लावून सील केलेला असतो, तो कोणी सैल केलाय का हे महिन्याला बघा. ऐंशीच्या वेगातली गाडी साठच्या गाडीपेक्षा पावणेदोनपटीहून जास्त जोरानं आदळते. पर्वरीसारख्या ठिकाणी खोळंबा झाला की तिथे गेलेली वीस मिनिटं पुढे धारगळच्या सरळ रस्त्यावर भरून काढायची घाई चालकाला होते. ती वीस मिनिटं वेळापत्रकातच धरा.

टायरवाला फोंडा (बुधवार, दुपारी १२.३०)

गोव्याचा पाऊस विसरू नका. टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली मोटारींना १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात तेवढ्यावर गाडी रस्त्यावर ठेवणं मला पटत नाही. पाणी बाहेर फेकायला नक्षीत जागाच उरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतं. मी गिऱ्हाइकांना सांगतो, मे महिन्यात तीनच्या खाली दिसलं की बदला, जूनची वाट बघू नका. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, वर्षभराचं तेल आणि लाल माती मिळून रस्त्यावर साबण होतो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचायला शिका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते पण रबर जुनं होऊन कडक झालेलं असतं, कमी पळणाऱ्या गाड्यांत हे फार. हवा सकाळी थंड टायरवर तपासायची. आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेलं टायर पुढच्या चाकाला कधीच नको.

रात्रपाळी (बुधवार, रात्री ८.१५)

एक राहिलंच, सीटबेल्ट. पाठीमागून बेल्ट ओढून खिट्टी बसवलेली असते, म्हणजे गाडी पीं-पीं करत नाही. कित्येक गाड्यांत नुसता खोटा खिट्टा असतो. तसले खिट्टे ऑनलाइन विकायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये मनाई केली, तरी गाड्यांत आहेतच. तुमच्या नऊ गाड्यांत उद्या सकाळी स्वतः हात घालून बघा, साहेबांच्या गाडीपासून सुरुवात करा. पिकअपच्या हौद्यात माणसं बसवणं तर पूर्ण बंद करा.

आणि अपघात झालाच तर १०८ ला फोन, जखमीला ओढून काढायची घाई नको. मदत करणाऱ्याला पोलिसांत अडकवत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १३४ अ मध्ये त्याला संरक्षण आहे. हे गाडीत मराठीत आणि कोकणीत लिहून चिकटवा. चालकाला त्या क्षणी काही आठवत नाही.

चार टेम्पो (गुरुवार, सकाळी ८.५०)

काल रात्री एकाला फोनवर सांगितलं, सातला नाही, साडेनऊला देईन, चालक झोपलाय. तो गप्प झाला, मग "बरं" म्हणाला. प्रत्येक जण बरं म्हणणार नाही, ठाऊक आहे. पण इतकी वर्षं मी विचारूनच बघितलं नव्हतं.

कुशावतीकाठ (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.००)

उशिरा लिहितोय, काहीतरी घडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

अहवालाला पुरवणी जोडली. त्यात लॉगबुकच्या सगळ्या वेळा आणि खेप कोणी मंजूर केली ते लिहिलं. व्यवस्थापक वाचून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, यावर माझीही सही घ्या.

खेपेच्या कागदावर आता तीन नवे रकाने आहेत. चालक शेवटचा कधी उठला, आज आतापर्यंत किती तास काम झालं, आणि परतीची वेळ कोणती धरली आहे. उठल्यापासून परत गेटवर येईपर्यंत चौदा तासांच्या वर जात असेल तर मला सही करता येत नाही, आणि माझ्या वरच्यालाही नाही. चौदा हा आकडा आम्ही बसून ठरवला, सतराच्या बराच अलीकडे. सुट्टीच्या दिवशी फोन बंद. एक जादा चालक मंजूर झाला, दोन मागितले होते. गोदामामागची खोली रिकामी करून खिडक्यांना जाड पडदे, पंखा आणि चार खाटा टाकल्या. अबोलीताई, ती खोली तुमच्यामुळे झाली. बाहेरून भाड्यानं येणाऱ्या चालकांनाही ती खुली आहे. बेल्ट तपासले, नऊपैकी चार गाड्यांत खोटे खिट्टे निघाले. त्यातले दोन साहेबांच्या गाड्यांत होते.

ओव्हरटाइमचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. खाणमार्ग काका, तुम्ही म्हणालात तेच झालं. दोन चालक माझ्याकडे येऊन म्हणाले, तास कमी केलेत, आता हप्ता कसा भरू. मूळ पगार वाढवायचा प्रस्ताव दिलाय. अजून वरून मंजुरी आलेली नाही.

परवा रात्री पुन्हा बेळगावचीच खेप आली, पुन्हा यंत्राचा भाग. ज्याचा नंबर होता तो चालक रकाना भरताना थांबला आणि म्हणाला, "आज घरात आजारपण आहे, दुपारी झोप झाली नाही." यापूर्वी असं कोणी मला सांगितलं नव्हतं. त्याला घरी पाठवलं. बेळगावला फोन करून तो भाग सकाळच्या पणजी बसनं पाठवायला सांगितला आणि बसस्थानकावरून मागवून घेतला. यंत्र चार तास बंद राहिलं. उत्पादनवाल्यांचा फोन आला, मी कारण सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं.

पाय मोडलेला चालक पुढच्या महिन्यात रुजू होतोय. तूर्त गाडी नाही, गाड्या सोडायच्या टेबलावर माझ्या शेजारी बसेल. रकाने तोच तपासणार आहे.

अबोली (शनिवार, रात्री १०.४०)

दादा, त्या रकान्यांच्या कागदाचा फोटो इथे टाकाल का? ह्यांच्या कंपनीत दाखवायचा आहे.

कुशावतीकाठ (शनिवार, रात्री १०.४५)

टाकतो. कंपनीचं नाव झाकून, सोमवारी पहिल्या पाळीची बस सुटली की लगेच.